वर्साचा नारळ

ट्रॅक्टरचं पुढचं चाक वळवायला एक लोखंडी हात असतो. वीतभर लांबीचा, एका टोकाला दाते, दुसऱ्या टोकाला भोक. स्टेअरिंग आर्म म्हणतात त्याला. दसरा होऊन तीन दिवस झाले होते. ग्रीस मारायला मी खाली वाकलो आणि डाव्या चाकाच्या आर्मवर मला केसाएवढी चीर दिसली. अशी चीर एकदा दिसली की तो आर्म गेलाच म्हणून समजायचं.

ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या खात्यात, मी बावीस वर्षं काढली. निवृत्त झालो हवालदार म्हणून, पण आमच्या भागात पेन्शन घेऊन आलेला प्रत्येकजण मेजरच असतो, तसा मीही मेजर. तासगावच्या पुढे, विट्याच्या अंगाला आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा जयराज फौजेत, सध्या अरुणाचलला. घरात मी आणि सून पूजा. मणक्यातली चकती सरकल्यापासून मला क्लच दाबवत नाही, त्यामुळे ट्रॅक्टर पूजाच चालवते. शिकवला मीच. पहिल्या आठवड्यात तिनं बागेचे दोन डांब पाडले. आता ओळीतून अशी जाते की पानाला धक्का लागत नाही. गावातली काही मंडळी आधी हसली, आणि मग त्यातल्याच दोघांनी आपल्या बागेची फवारणी तिच्याकडून करून घेतली.

ट्रॅक्टर म्हणजे मोठं धूड नव्हे. द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाणारा, अठरा हॉर्सपॉवरचा, जपानी. तिकडच्या भातशेतीत वीस वर्षं राबला आणि मग जहाजातून इकडे आला. त्याच्यावरची अक्षरं गावात कुणाला वाचता येत नाहीत. पण इंजिन असं की अजून अर्ध्या चावीत सुरू होतं. मागे फवारणीचा ब्लोअर लावायचा आणि ओळी मारत सुटायचं.

छाटणी झाली होती, फूट निघाली होती, आणि आभाळ रोज दुपारनंतर भरून येत होतं. द्राक्षवाल्याला या दिवसांत एकच भीती असते, डावणीची. पानाच्या मागे पांढरी बुरशी धरते आणि एक फवारणी चुकली तर चार दिवसांत वर्षाचं पीक जातं. तेव्हा आर्म लगेच हवा होता, पुढच्या आठवड्यात नको होता.

आर्म उतरवताना सवयीप्रमाणे मी खुणा मारल्या. कुठलाही भाग सोडवण्याआधी तो आणि तो ज्यावर बसतो ती पिन, दोन्हींवर समोरासमोर टोकदार ठोकणीनं ठिपके मारायचे, म्हणजे पुन्हा बसवताना एक दातासुद्धा इकडचा तिकडे होत नाही. आमचे उस्ताद म्हणायचे, ‘जो निशान नहीं लगाता, वो अंदाज़े पे जीता है.’ प्रत्येक मेकॅनिकची खूण वेगळी असते. माझे तीन ठिपके एका ओळीत आणि चौथा जरा बाजूला. तो चौथा नेहमी उजवीकडे कलतो, कारण पठाणकोटला जॅकखाली माझ्या डाव्या हाताची दोन बोटं चेचली आणि ठोकणी तेव्हापासून सरळ धरता येत नाही. माझी खूण मी अंधारात चाचपूनही ओळखेन.

फलटणला अशा जपानी ट्रॅक्टरांचा एक व्यापारी आहे. त्याला फोन केला, फोटो पाठवला. तो म्हणाला, “मेजर, हे मॉडेल आपल्याकडं एकच आलं होतं. तेच तुमच्याकडं आहे.” मग माधवनगरला गेलो. तिथे मधुकर म्हणून एक लेथवाले आहेत, पूर्वी गिरणीत फिटर होते. त्यांनी चिरलेला आर्म भिंगातून बघितला.

“करून देतो,” ते म्हणाले, “पण दाते पाडायला आठ दिवस लागतील. वेल्डिंगचं मात्र डोक्यात आणू नका.”

“स्टेअरिंगला वेल्डिंग मी जन्मात केलेलं नाही.”

“मग एक करा. वडूजला, मायणीच्या रस्त्याला हरिबाचं भंगाराचं आवार आहे. कुठं मिळत नाही ते तिथं असतं म्हणतात.” थोडं थांबून ते म्हणाले, “मी स्वतः गेलेलो नाही.”

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून विटा, मायणी करत वडूज गाठलं. त्या बाजूला बागा नाहीत. ज्वारी, मटकी, मोकळी रानं, आणि वारा. हरिबाचं आवार रस्त्यापासून आत होतं. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत एसटीचे पत्रे, मोडकी रोटाव्हेटर, स्प्रिंगांचा ढीग. हरिबा सत्तरीचा असेल. अंगात बंडी, कानावर टोपी, बाजेवर बसून सुपारी कातरत होता. मी माझा आर्म त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं हातसुद्धा लावला नाही.

“हाय,” तो म्हणाला. “लिंबाखाली बघा.”

कोपऱ्यात लिंबाचं एक झाड होतं आणि त्याखाली आमच्यासारखाच ट्रॅक्टर उभा होता. तेच मॉडेल, तीच न वाचता येणारी अक्षरं. गंजून तपकिरी झालेला. लिंबाच्या बुंध्यातून फुटलेली मनगटाएवढी फांदी त्याच्या मागच्या चाकातून वर गेली होती, म्हणजे दहा वर्षं तरी तो हलला नसावा. डावा मडगार्ड चेपलेला. आणि स्टेअरिंगला तांबड्या फडक्यात नारळ बांधलेला. नारळ ताजा होता. शेंडीचा रंगही उतरला नव्हता.

मी वाकून बघितलं. डाव्या चाकाचा आर्म धड होता. माझा जीव भांड्यात पडला.

“काढू का?”

“आज न्हाई,” हरिबा मागून म्हणाला. “ज्या गाडीवर मानूस गेलंय ती गाडी वरीस झाल्याबिगार खोलत न्हाई आमी. वर्साचा नारळ बांधतो. वरीस झालं की त्या घरचं कुनीतरी येतंय, नारळ फोडतंय, मग खोलायची.”

“अहो, याला गंजून दहा वर्षं झालीत.”

“परवा आलाय.”

“आणि ही फांदी?”

हरिबानं सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. “आला तवा असाच हुता,” तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे निरखून बघत विचारलं, “तुमच्या घरचा हाय का?”

मी हसलो. म्हातारा भ्रमिष्ट आहे, असं माझ्या मनात आलं. माझ्या डोळ्यांपुढे पानाच्या मागची पांढरी बुरशी होती. मी म्हणालो, “बाबा, लोखंडाला सुतक नसतं. माझी बाग उभी आहे तिकडं.” हे वाक्य मी आयुष्यात खूप जणांना ऐकवलं आहे आणि ते म्हणताना मला दर वेळी बरं वाटलं आहे.

तो उठला आणि पाठ करून बाजेकडे गेला. ती मूक परवानगी समजून मी पाना काढला. गंजलेला बोल्ट तोडावा लागेल असं वाटलं होतं, पण तो हातानं फिरला. पैसे द्यायला गेलो तर त्यानं मान हलवली. “वर्साच्या आत पैसं घेत न्हाई,” म्हणाला.

घरी येऊन आर्म डिझेलच्या डब्यात टाकला. संध्याकाळी ब्रशनं घासला. गंज निघाला आणि खालून ठिपके वर आले. तीन एका ओळीत. चौथा बाजूला, उजवीकडे कललेला.

मी डोळे मिटून त्यांवर बोट फिरवलं. मग स्वतःला समजावलं. फौजेतून बाहेर पडलेले मेकॅनिक गावोगाव आहेत. उस्तादांचे चेले शेकड्यांनी असतील, त्यांतल्या एखाद्याची खूण माझ्यासारखी असू शकते. जगात काय मीच एकटा बोटं चेचून घेतलेला आहे?

सकाळी उठून आर्म बसवला. दाते न अडखळता आत गेले. बोल्ट आवळून मी विजेरी धरली. दोन दिवसांपूर्वी मी स्वतः पिनेवर मारलेले चार ठिपके आणि वडूजहून आणलेल्या आर्मवरचे चार ठिपके समोरासमोर होते. एका सुताचाही फरक नव्हता.

“बसला का मामा?” पूजानं विचारलं. फवारणीला जाताना ती जयराजचा जुना फौजी शर्ट घालते, डोक्याला ओढणी गुंडाळते. तशीच उभी होती.

“बसला,” मी म्हणालो.

“मग तोंड का असं पाडलंय? आज गोडधोड करू की.”

ती फवारायला गेली. मी बांधावर उभा राहून चाकं बघत राहिलो. चाकं उत्तम वळत होती. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यानंच मला जास्त अस्वस्थ वाटत होतं.

चार दिवस तसेच गेले. झोपेतून उठलो की ठिपके आठवायचे. मी मेकॅनिक माणूस आहे. शंका आली की तपासायची, एवढंच मला येतं. पाचव्या दिवशी पूजा भाकरी करत असताना मी हॅक्सॉ घेतला आणि आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीखालच्या पट्टीवर, आतल्या अंगाला, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे, दोन खाचा मारल्या. दुसरी मारताना पातं घसरलं आणि ती तिरकी गेली. मग मीटर बघितला. ट्रॅक्टर किती तास चालला ते मोजणारा मीटर असतो, त्याच्यावर दोन हजार नऊशे चौदा होते. मोटारसायकल काढली.

हरिबा तिथेच, तसाच बसला होता. “या,” म्हणाला, आणि माझ्या येण्याचं त्याला काहीच नवल वाटलं नाही.

मी सरळ लिंबाखाली गेलो आणि बॅटरीच्या पट्टीमागे बोट घातलं.

पहिली खाच सरळ होती. दुसरी तिरकी. दोन्ही गंजानं भरलेल्या होत्या. नखानं कोरलं तर तपकिरी पूड निघाली.

मी घाबरलो हे सांगायला मला लाज वाटत नाही. कारगिलच्या वेळी द्रासला गोळे पडत असताना मी गाडीखाली झोपून ब्रेक दुरुस्त केले आहेत, तेव्हा अशी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. पण आलोच आहे तर सगळं बघायचं, असं ठरवलं.

स्टेअरिंगचं चाक एका बाजूनं आत दाबलं गेलं होतं, बसणाऱ्याच्या छातीकडे. पुढच्या आसाला काळ्या जाड प्लास्टिकच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. त्या कशाच्या हे ओळखायला मला वेळ लागला नाही. आमच्या भागात प्रत्येक बागेला शेततळं असतं आणि त्याच्या तळाला असाच कागद अंथरतात. आमचं तळं बागेच्या टोकालाच आहे. ओळ संपली की ट्रॅक्टर त्याच्या बांधावरून वळतो.

सीटच्या स्प्रिंगमध्ये कापडाचा एक तुकडा अडकला होता. उन्हानं विटलेला, पण रंग कळत होता. तो रंग मी बावीस वर्षं अंगावर घातला आहे.

मीटरची काच फुटलेली होती. आकडे नीट दिसत होते. दोन हजार नऊशे एक्कावन्न.

सदतीस तास उरले होते. रोजचे दोन धरले तर अठरा दिवस.

“यात कोण गेलं?” मी विचारलं. 

“त्ये मला कसं कळायचं?” हरिबा म्हणाला. “घरचं मानूस आलं की कळतंय.”

“कोण आलं का?”

“तुमी आलायसा की. दोनदा.”

घरी पोहोचलो तेव्हा पूजा फवारणी आटपून ब्लोअर धूत होती. मी चावी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर खोलायला घेतला. विकायचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही, पण विकला तर कुणाच्या तरी सुनेला, कुणाच्या तरी पोराला त्याच्यावर बसवल्यासारखं होतं. मी चार दिवसांत त्याचा बोल्ट न् बोल्ट वेगळा केला. इंजिनाचा पत्ता राहिला नाही, चेसिस गॅसनं कापली. वडूजचा आर्म मात्र कापवेना. तो फडक्यात गुंडाळून कोठीत ठेवला. तळ्याच्या बांधाला सिमेंटचे आठ खांब रोवले आणि काटेरी तार ओढली.

पूजाला मी इंजिन जाम होऊन बसल्याचं सांगितलं होतं. तिचा विश्वास बसला नाही. कालपर्यंत चालणारं इंजिन एका रात्रीत असं बसत नसतं, हे तिला मीच शिकवल्यामुळे कळत होतं. ती आणि शेजारची रेश्मा पाइप ओढून हातानं फवारत होत्या. दोन एकर हातानं मारायचं म्हणजे कंबर मोडते. तरी तळ्याकडच्या ओळींत डावणीचे पहिले डाग दिसलेच.

“मामा,” ती एका संध्याकाळी म्हणाली, “माझं काय चुकलं असंल तर सांगा. मी चालवलेलं आवडत नसंल तर तसं सांगा. पण बाग का मारताय?”

तिच्या हाताला फोड आले होते. मला सगळं सांगावंसं वाटलं, आणि सांगणार तरी काय? लोखंडाला सुतक नसतं म्हणणाऱ्या माणसानं भंगारातल्या नारळाची गोष्ट कशी सांगायची? मी म्हणालो, “तुझं काही चुकलं नाही बाळ. जुन्याचा भरवसा राहिला नव्हता.”

रात्री जयराजचा फोन आला. तिनंच त्याला कळवलं असणार. तो म्हणाला, “बाबा, भांडत बसू नका. नवीनच घेऊ.”

दिवाळी पाडव्याला नवा ट्रॅक्टर दारात आला. निळा, याच वर्षी निघालेलं मॉडेल, सांगलीतून आणलेला. आमच्या तालुक्यातला तो पहिलाच. पूजानं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, मागच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी रात्री विजेरी घेऊन त्याचा कोपरा न् कोपरा तपासला. कुठेही ठिपका नव्हता, खाच नव्हती. किती तरी दिवसांनी मी पोटभर जेवलो. सीटवरचा प्लास्टिकचा कागद काढायला गेलो तर पूजानं अडवलं.

“राहू द्या की मामा. फवारणीचं डाग पडत्यात. तुळशीचं लगीन झाल्यावर काढू.”

आमच्याकडे नव्या वस्तूवरचा कागद काढायला कुणाचंच मन होत नाही. मी हसून सोडून दिलं. पाचव्या दिवशी रात्री जेवताना ती म्हणाली, “नऊ तास झालं मामा. पयलं ऑइल पन्नासला बदलायचं न्हवं?” बागेत डाग वाढायचे थांबले होते. ती इतकी खूश होती की मला तिच्याकडे बघवेना, कारण मधले सगळे दिवस मी तिला छळल्यासारखंच झालं होतं.

त्या रात्री मी ठरवलं, आर्म परत करायचा. वर्षाच्या आत काढायला नको होता, काढला, ही माझी चूक. जिथला होता तिथे बसवायचा, हरिबाची माफी मागायची आणि विषय संपवायचा. यात शास्त्र काही नव्हतं, पण मनाला बरं वाटणार होतं.

सकाळी सहाला निघालो. दव उतरलं की पूजा फवारायला जाणार होती. साडेआठ वाजून गेल्यावर वडूजला पोहोचलो. ऊन कोवळं होतं, बाभळीवर चिमण्या ओरडत होत्या. हरिबा बाजेवर होता.

“आलासा? या,” तो म्हणाला.

मी फडकं सोडलं आणि आर्म हातात घेऊन लिंबाकडे चालू लागलो.

लिंबाखालचा ट्रॅक्टर निळा होता.

रंग पापुद्र्यांनी सुटलेला, पण निळा. बॉनेटवरची अक्षरं मला वाचता येत होती. मागच्या चाकातून लिंबाची तीच फांदी वर गेली होती.

“जुना कुठं गेला?” मी विचारलं.

“कंचा जुना?” हरिबा मागून म्हणाला. “ह्योच की. तुमीच न्हाई का ह्येचा हात काढून नेला?”

मी वाकून बघितलं. डाव्या चाकाचा आर्म जागेवर नव्हता. पिन उघडी होती.

स्टेअरिंगला तांबड्या फडक्यात नारळ होता.

सीटवर प्लास्टिकचा कागद होता. पिवळा पडलेला, कडांना तडकलेला, पण होता. कुणी काढलेला नव्हता.

आसाला काळ्या चिंध्या.

मी मीटरवरची धूळ पुसली. तीन शून्यं आणि मग अकरा.

काल रात्री नऊ. आज फवारणी सातला सुरू झाली असेल. घड्याळात नऊ वाजायला पाच मिनिटं होती.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तो वाजत असताना मी देवाचं नाव घेत होतो, आणि मी कधी घेत नाही.

तिनं उचलला. मागे ब्लोअरचा मोठा आवाज.

“मामा, पोचलासा व्हय?”

“ट्रॅक्टर बंद कर.”

“काय?”

“बंद कर! पूजा, आहेस तिथं बंद कर आणि खाली उतर!”

“आवं ऐकूच येत न्हाई, ब्लोअर चालू हाय. मामा, सांगायचं ऱ्हायलं. नवा लांबीला जरा जास्त हाय, टोकाला वळंना. म्हनून तळ्याकडचं दोन खांब सकाळी मी आणि रेश्मानं काढलं. रागावू नका. आता लय झ्याक वळतोय.”

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. चिमण्या उडाल्या.

“थांबा मामा,” ती म्हणाली, “तळ्याकडचं टोक आलं. वळवून बोलते.”

तिनं फोन बंद केला नाही. शर्टाच्या खिशात ठेवला असावा. पानांची सळसळ ऐकू येत होती. मग ब्लोअरचा आवाज कमी झाला. वळताना ती नेहमी कमी करते.